आठ आण्यांचे पन्नास पैसे : सममूल्य अपूर्णांकातली रिकामी चौकट

पाचवीच्या गणितात अपूर्णांकांचा पाठ सुरू झाला की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मुलाला बेरीज-वजाबाकी येते, पाढे बऱ्यापैकी पाठ आहेत, तरीही '२/३ = □/६, चौकटीत योग्य संख्या लिहा' असे आले की ते कधी ४ लिहिते, कधी ५, तर कधी वरचा २ तसाच उतरवते. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, तालुका कुठलाही असो, शाळा जिल्हा परिषदेची असो की खासगी, वहीतल्या चुका साधारण याच असतात. अशा वेळी घरातले मोठे माणूस 'तिरकस गुणाकार कर' असे सांगून मोकळे होते. त्या दिवशीचे उत्तर बरोबर येते. पुढच्या आठवड्यात चौकट वरची खाली गेली की मूल परत तिथेच अडते. माझे म्हणणे असे आहे की या गणितात रीत शेवटी यावी. आधी मुलाला 'किती पट झाले?' हे दिसायला हवे, आणि ते दाखवण्यासाठी लागणारे शब्द मराठी घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ते वापरायचे कसे, एवढेच इथे सांगतो.

चुकीमागचा विचार आधी ओळखा

चौकटीत ५ लिहिणाऱ्या मुलाने विचार केलेला असतो, हे आधी मान्य करा. त्याचे म्हणणे असे : खाली ३ चे ६ झाले, म्हणजे ३ मिळवले, मग वरही ३ मिळवू, २ चे ५ होतील. 'खाली जे केले तेच वर कर' हे वाक्य त्याने प्रामाणिकपणे पाळले आहे. फक्त गुणाकाराच्या जागी बेरीज केली. ही चूक आपल्याकडचीच आहे असेही नाही. गणित कसे शिकले जाते याचा अभ्यास करणाऱ्यांनी ती अनेक देशांतल्या मुलांमध्ये नोंदवली आहे. त्यामुळे 'लक्ष नाही तुझे' असे म्हणून ती जात नाही. मुलाला स्वतःच्या उत्तरातली विसंगती दिसावी लागते.

त्यासाठी सारख्या लांबीच्या कागदाच्या दोन पट्ट्या घ्या. पट्टी १२ सेंटिमीटरची असावी, कारण १२ चे २, ३, ४ आणि ६ असे सगळे समान भाग पट्टीने मोजून नीट पाडता येतात. भाकरीचे तीन सारखे तुकडे करायला जाल तर एक तुकडा हमखास मोठा होतो आणि मुलाचे लक्ष भलतीकडे जाते. एका पट्टीचे ३ भाग करून २ रंगवायला सांगा, दुसरीचे ६ करून ५ रंगवायला सांगा. आता रंगवलेल्या भागाकडे न पाहता कोरा राहिलेला भाग दाखवा. पहिल्या पट्टीत ४ सेंटिमीटर कोरे आहेत, दुसरीत २. कोरा भाग सारखा नाही, मग रंगवलेला सारखा कसा असेल? हा प्रश्न विचारून थांबा, उत्तर तुम्ही देऊ नका. दुसऱ्या पट्टीतला एक रंगवलेला भाग कमी केला तरच दोन्ही जुळतात, हे मूल स्वतः शोधते आणि ४ हे उत्तर त्याचे स्वतःचे होते.

वरचा २ तसाच ठेवून २/६ लिहिणाऱ्या मुलाची अडचण वेगळी आहे. त्याला छेद बदलला म्हणजे तुकड्यांचा आकार बदलला, हे अजून पोहोचलेले नाही. तुकडे निम्मे लहान झाले तर तेवढीच पट्टी भरायला दुप्पट तुकडे लागणार, हे त्याच पट्टीवर दाखवता येते. या मुलाला अजून गणिते सोडवायला देऊन फायदा नाही, अजून चार पट्ट्या द्या.

पाव, अर्धा, पाऊण : घरातले गणित

आपण अपूर्णांक वाचतो 'तीन छेद चार'. ऐकणाऱ्याला यात दोन वेगळ्या संख्या ऐकू येतात, ३ आणि ४. एक परिमाण ऐकू येत नाही. 'पाऊण' म्हटले की मात्र एकच गोष्ट डोळ्यापुढे येते. मराठीची ही मोठी ठेव आहे. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी असे पाढे म्हणून घेत, आणि औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. हे पाढे गेले, पण घरातल्या आजी-आजोबांपैकी कुणाला तरी पावकी येत असेल तर जरूर म्हणायला सांगा. दोन पाव म्हणजे अर्धा, तीन पाव म्हणजे पाऊण, चार पाव म्हणजे एक. यातले 'दोन पाव म्हणजे अर्धा' हे २/४ = १/२ आहे. पुस्तकाने ज्याला सममूल्य अपूर्णांक म्हटले, ते हेच.

तेव्हा चौकट दाखवण्याआधी आठवडाभर नुसते तोंडी विचारा. पाव किलो साखर म्हणजे किती ग्रॅम? २५०. म्हणजे १/४ आणि २५०/१००० हे एकच. एका एकरात ४० गुंठे; अर्धा एकर म्हणजे किती गुंठे? पाव एकर म्हणजे? पाऊण एकर म्हणजे? २०, १० आणि ३० अशी उत्तरे शेतकऱ्याच्या घरातले पोर चटकन देते, आणि मग ३/४ = □/४० हे लिहून दाखवले की त्याच्या लक्षात येते की हे तर आपल्याला येतच होते. तास घ्या : अर्धा तास ३० मिनिटे, पाऊण तास ४५ मिनिटे, म्हणजे ३/४ = ४५/६०. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. साखर, जमीन, वेळ तेवढीच राहिली; आपण फक्त लहान मापाने मोजली, म्हणून आकडा मोठा झाला. हे वाक्य मुलाच्या तोंडून आले पाहिजे. तुम्ही दहादा सांगून उपयोग नाही.

घरात बंजारा बोली बोलली जात असेल, जशी मानोरा-मंगरूळपीर भागातल्या तांड्यांवर बोलली जाते, तर हे तोंडी प्रश्न त्याच बोलीत विचारा. अंश, छेद हे शब्द नंतर येऊ द्या. इंग्रजी माध्यमातल्या मुलालाही पाव आणि पाऊण आधी मराठीतच कळू द्यावे. 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' ही नावे त्यावर मागाहून चढवता येतात.

वहीवर सोडवताना

तोंडी गणित बसले की वही घ्या. क्रम असा ठेवा :

१. दोन्ही अपूर्णांकांत समोरासमोरची जी जोडी पूर्ण दिसते, ती आधी शोधायची. ३/५ = १२/□ मध्ये अंशांची जोडी पूर्ण आहे, ३ आणि १२. चौकट कुठे आहे हे आधी पाहू नये, जोडी कुठे आहे ते पाहावे.

२. त्या जोडीला विचारायचे : किती पट? ३ चे १२ म्हणजे ४ पट. बाणाची खूण करून '× ४' असे प्रत्यक्ष लिहायला लावा. ही खूण लिहिली की बेरीज करण्याची सवय आपोआप तुटते.

३. दुसऱ्या जोडीलाही तीच पट लावायची. ५ × ४ = २०.

४. मोठ्याकडून लहानाकडे जात असू तर भागायचे. १८/२४ = ३/□ मध्ये १८ चे ३ झाले, म्हणजे ६ ने भागले; २४ ÷ ६ = ४.

चौथ्या पायरीवर मुले गडबडतात, कारण वर्गात पहिली बरीच उदाहरणे लहानाकडून मोठ्याकडे जाणारी असतात. चौकट डावीकडे आली, जसे □/७ = १५/३५, की त्यांना गणितच नवे वाटते. अशा वेळी उजवी-डावी बाजू बदलून लिहायला सांगा : १५/३५ = □/७. ३५ चे ७ म्हणजे ५ ने भागले, म्हणून १५ चे ३. 'बरोबर' या चिन्हाच्या दोन बाजू अदलाबदल करता येतात, हे पुष्कळ मुलांना कुणी सांगितलेलेच नसते. त्यांना ते चिन्ह 'पुढे उत्तर लिहा' एवढेच वाटते.

साखळीची गणिते वेगळी काढून करून घ्या : २/३ = □/९ = ८/□ = □/३०. इथे प्रत्येक चौकट मूळच्या २/३ शी जोडायची, शेजारच्या अपूर्णांकाशी नाही. शेजारच्याशी जोडले आणि पहिलेच उत्तर चुकले तर पुढची सगळी चुकतात. उत्तरे ६, १२ आणि २०.

पट पूर्ण येत नाही तेव्हा

खरी अडचण इथे आहे, आणि 'किती पट' या पद्धतीवरचा मुख्य आक्षेपही इथलाच. ६/८ = ९/□ घ्या. ६ चे ९ किती पट? पूर्ण पट येत नाही. मूल थांबते, आणि पालकही म्हणतात की बघा, शेवटी तिरकस गुणाकारच करावा लागतो. पण नीट पाहिले तर दोन रस्ते मोकळे आहेत.

पहिला रस्ता म्हणजे आधी अतिसंक्षिप्त रूप देणे. ६/८ म्हणजे ३/४, म्हणजे पाऊण. आता ३ चे ९ म्हणजे ३ पट, ४ चे १२. उत्तर १२. हा रस्ता वाशीमच्या घरांनी प्रत्यक्ष व्यवहारात पाहिलेला आहे. रुपयाचे १६ आणे होते, तेव्हा पिकाचा अंदाज आण्यांत सांगत, म्हणून तिला आणेवारी म्हणत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आजही महसूल खाते खरिपाची पैसेवारी जाहीर करते तेव्हा ती ५० पैशांच्या आत की वर, याकडे सोयाबीन-तुरीच्या गावांचे लक्ष असते. आता मुलाला विचारा, ८ आण्यांचे ५० पैसे कसे झाले? लिहून दाखवा : ८/१६ = □/१००. १६ चे १०० किती पट, हे पाचवीच्या मुलाला काढता येणार नाही. ती सव्वासहा पट आहे. पण ८/१६ म्हणजे अर्धा, आणि शंभराचा अर्धा ५०. चार आणे म्हणजे पाव, म्हणून २५ पैसे. बारा आणे म्हणजे पाऊण, म्हणून ७५. २५ पैशांचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनातून गेले, तरी त्याला 'चार आणे' म्हणणारी माणसे घरोघरी आहेत. एका नाण्याची ही दोन नावे मुलाला ४/१६ = २५/१०० म्हणून लिहून दाखवली, तर सममूल्य म्हणजे काय हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आडवे पाहण्याऐवजी उभे पाहणे. ५/१५ = ७/□ यात ५ चे ७ कसे झाले हे शोधत बसू नका. पहिल्याच अपूर्णांकात वरून खाली पाहा : छेद अंशाच्या ३ पट आहे. मग दुसऱ्यातही छेद अंशाच्या ३ पटच हवा, म्हणून २१. आडवे पाहून सुचले नाही तर उभे पाहायचे, उभेही जमले नाही तर संक्षेप द्यायचा. ८/१२ = □/१५ हे उदाहरण असेच संक्षेपाने सुटते : ८/१२ म्हणजे २/३, आणि ३ चे १५ होताना ५ पट, म्हणून १०. या तीन वाटा ज्या मुलाला दिसतात ते अडत नाही.

शेतीच्या घरात याचे आणखी एक उदाहरण रोज असते. औषधाचे प्रमाण १० लिटर पाण्याला २० मिली असे लिहिलेले असेल आणि पंप १५ लिटरचा असेल, तर किती घ्यायचे? २०/१० = □/१५. उभे पाहिले की अंश छेदाच्या दुप्पट, म्हणून ३० मिली. गणित मुलाकडून कागदावर जरूर करून घ्या, मात्र बाटलीला आणि पंपाला त्याचा हात लागू देऊ नका.

कधी कधी उत्तर पूर्ण संख्येत येतच नाही. ३/४ = □/१० घ्या; शंभराचे पाऊण ७५, तर दहाचे पाऊण साडेसात. पाचवीच्या पुस्तकात अशी चौकट सहसा दिली जात नाही, पण चौकस मूल विचारते. 'असे होत नाही' असे सांगू नका. 'साडेसात' हे उत्तर बरोबर आहे.

मग तिरकस गुणाकार शिकवायचाच नाही का?

शिकवा, पण वरचे सगळे झाल्यावर. त्याच्या बाजूने दिले जाणारे कारण पोकळ नाही. नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेत २ तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट. शिष्यवृत्ती परीक्षेतही पर्यायी प्रश्नच असतात आणि वेळ मोजकाच असतो. घाईत एक ठरलेली रीत हाताशी असावी, असे पालकांना वाटणे स्वाभाविक आहे. तरी मी तिला शेवटी ठेवतो, याची कारणे आहेत. ६/८ = ९/□ मध्ये तिरकस गुणाकाराने ६ × □ = ७२ मिळते आणि मग ७२ ला ६ ने भागावे लागते, म्हणजे मोठा गुणाकार आणि वर भागाकार. ३/४ ओळखले असते तर तोंडीच १२ आले असते. लहान आकड्यांवर 'किती पट' ही वाटच जास्त झटपट आहे. दुसरे असे की ही रीत अर्ध्यात विसरली जाते. कोणाला कोणाशी गुणायचे आणि नंतर कशाने भागायचे, यात एक घर चुकले की उत्तर कुठल्या कुठे जाते आणि ते चुकल्याचे मुलाला कळतही नाही. अपूर्णांकांची बेरीज करतानाही मुले हीच तिरकस खूण लावू लागतात, हे अधिक वाईट.

रीत शिकवताना तिचे कारण सांगा. ६/८ आणि ९/१२ या दोघांचा छेद सारखा करायचा झाला तर पहिल्याला १२ ने आणि दुसऱ्याला ८ ने गुणावे लागते. छेद दोघांचा ९६ होतो, अंश ६ × १२ आणि ९ × ८, दोन्ही ७२. अपूर्णांक सममूल्य होते म्हणून तिरकस गुणाकार जुळले. एवढे कळले की तिरकस गुणाकाराचा सर्वांत चांगला उपयोग हाती येतो, तो म्हणजे पडताळा. पर्यायी प्रश्नात चौकटीत पर्याय ठेवून दोन्ही तिरकस गुणाकार जुळतात का, हे पाहायला काही सेकंद लागतात.

पाढे कच्चे असतील, किंवा तुम्ही शिकलेले नसाल तर

पाढे पाठ होईपर्यंत अपूर्णांक थांबवून ठेवू नका. २, ३, ४, ५ आणि १० एवढ्या पाढ्यांवर पाचवीतली बरीच उदाहरणे निघतात. समोर पाढ्यांचा कागद ठेवायला हरकत नाही. 'किती पट' हे ओळखणे वेगळे आणि पाढा आठवणे वेगळे, दोन्ही एकाच वेळी तपासायला गेलात तर मूल कशात अडले हे तुम्हालाच कळणार नाही. स्वतः शाळेत गेला नसाल तरी पाव-अर्धा-पाऊणचे तोंडी प्रश्न तुम्ही विचारू शकता, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हे तुम्हाला कळते. एक प्रश्न तर प्रत्येक उत्तरावर विचारता येतो : 'हे आधीच्याएवढेच आहे, हे कशावरून?' दिवसाला दहा मिनिटे आणि चार-पाच उदाहरणे पुरतात. एका बैठकीत पन्नास चौकटी भरून घेतल्या तर मूल नमुना पाहून आकडे टाकू लागते.

शाळेकडून काय मागता येते

घरी प्रयत्न करूनही मूल अडत असेल तर शाळेकडे जाण्यात संकोच नको. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. त्याच्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून गरज असेल तिथे जादा मार्गदर्शन करणे आणि पालकांशी नियमित बैठकीत त्याच्या प्रगतीबद्दल बोलणे, ही शिक्षकाची कर्तव्ये आहेत. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, तेव्हा जादा मार्गदर्शनासाठी शाळेतल्याच शिक्षकाला पैसे देण्याचा प्रश्न येत नाही. गणित चुकले म्हणून मारणे किंवा चारचौघांत अपमान करणे कलम १७ ने निषिद्ध आहे. महाराष्ट्रात आता पाचवी आणि आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा होते. तीत मूल मागे राहिले तर जादा मार्गदर्शन आणि फेरपरीक्षेची संधी त्याला मिळायला हवी. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, म्हणजे अपूर्णांकांसाठी पट्ट्या, तक्ते असे साहित्य वर्गात हवे, हा विषय तुम्ही तिथे मांडू शकता.

शिक्षकांना भेटायला जाताना 'गणित जमत नाही' एवढेच सांगू नका. मुलाची वही सोबत न्या, चुकलेल्या चौकटीचे पान उघडा, आणि तिथे बेरीज झाली आहे, अंश तसाच राहिला आहे की पट पूर्ण न आल्याने ते थांबले आहे, हे बोट ठेवून दाखवा.